बहिष्कारवीर

आंतरजालावर अनोळखी माणसांबरोबर संघ करून खेळल्या जाणाऱ्या खेळांनी जी नवी मनुष्यजात जन्माला घातली, तिच्यातील बहिष्कारवीर हा सर्वांत दुखावलेला आणि स्वतःच्या मते सर्वांत निरपराध असा प्रकार होय. सामना संपताच जिंकलेले पुढच्या सामन्याकडे वळतात, हरलेले पाणी प्यायला उठतात. हा मात्र सोबत्यांपैकी कोणाला 'रिपोर्ट' करावे, म्हणजे शिवीगाळ किंवा मुद्दाम हरणे याबद्दल कोणाविरुद्ध कंपनीकडे तक्रार गुदरावी, याचा निवाडा करीत बसतो. तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. हा इसम या जन्मी पुन्हा आपल्या वाट्याला येणार नाही, अशी हमी त्याला हवी असते. ती देणे मॅचमेकिंगला, म्हणजे तोलामोलाचे खेळाडू जुळवणाऱ्या यंत्रणेला, जड जाते, कारण एका विशिष्ट वेळी एका विशिष्ट रँकचे लोक मुळातच मोजके असतात.

ब्लिझार्ड कंपनीचा 'ओव्हरवॉच' हा खेळ 2016 मध्ये आला तेव्हा त्यात नकोशा खेळाडूला टाळण्याची सोय होती, आणि बहिष्कारवीराने तिचे जे केले ते मासलेवाईक आहे. विडोमेकर या दुरून नेम साधणाऱ्या पात्राकरिता जगात अग्रगण्य असलेल्या एका खेळाडूला सामनाच मिळेनासा झाला. शेकडो लोकांनी त्याला टाळले होते, आणि तेही उद्धटपणाबद्दल नव्हे (माणूस भला आहे, अशी ग्वाही खेळाचे तत्कालीन दिग्दर्शक जेफ कॅप्लन यांनीच दिली), तर त्याच्यासमोर उभे राहण्याची कोणाची छाती नव्हती म्हणून. बराच वेळ ताटकळल्यावर यंत्रणा आपले निकष सैल करी आणि हा नेमबाज नेमका दुबळ्यांच्या सामन्यात जाऊन पडे. त्याच वर्षी ती सोय बंद झाली.

2018 मध्ये ती परतली ती रेशनच्या धान्यासारखी मोजून मापून: सुरुवातीला एका वेळी दोनच नावे, प्रत्येकी सात दिवस, आणि बंदी केवळ स्वतःच्या संघापुरती, त्यामुळे समोरच्या संघातून तोच मनुष्य खुशाल येऊ शकतो. द्वेष अमर्याद आणि जागा दोन, अशा टंचाईत बहिष्कारवीराची खरी परीक्षा झाली. सोमवारच्या शिवराळाने आणि मंगळवारच्या पळपुट्याने यादी भरलेली असता बुधवारी एका हीलरने, म्हणजे जखमी सोबत्यांना बरे करणाऱ्याने, त्याच्याकडे दुर्लक्ष केले, तर कोणाला माफी द्यावी? तो बहुधा शिवराळाला सोडतो, कारण शिव्या म्यूट करता येतात, घसरलेली रँक मात्र करता येत नाही. विषारी वागणूक आणि सुमार खेळ यांत त्याच्या लेखी भेद उरत नाही, आणि स्वतःच्या सुमार खेळाचा तर त्याच्या दप्तरी उल्लेखच नसतो. पुढे जागा वाढवण्यात आल्या. त्या भरायला त्याला फार दिवस लागले नसावेत.

खऱ्या छळाने त्रासलेल्यांना, विशेषतः आवाज ऐकताच जिच्यावर अर्वाच्य शेरे सुरू होतात अशा स्त्री-खेळाडूला, ही सोय आवश्यकच आहे. परंतु या सोयीच्या जिवावर सर्वाधिक कुरकुर बहिष्कारवीरच करतो. अलीकडे सामना मिळायला फार वेळ लागतो, ही त्याची नवी तक्रार असून तिचे खापर तो सर्व्हरवर फोडतो. आपले नाव कोणाकोणाच्या यादीत आहे, हे खेळाडूला दाखवले जात नाही.