‘सिग्निफिकंट’ करून देणाऱ्या सरांना खुले पत्र

एसपीएसएसवाले सर,

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. नांदेडपासून लातूरपर्यंत झेरॉक्स, डीटीपी, बाइंडिंग अशा पाटीच्या तळाशी ‘पीएच.डी. डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल’ ही ओळ जिथं जिथं असेल, तिथं तिथं हे पत्र पोचावं. पोरं तुम्हाला ‘सर’ म्हणतात. संख्याशास्त्राचा तास घेतल्याशिवाय मिळालेली ही पदवी तुम्ही निमूट स्वीकारली आहे, म्हणून मीही त्याच नावानं हाक मारतो.

तुमच्या टेबलावर काय घडतं ते चारचौघांत सांगायची वेळ आली आहे. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर उन्हातान्हात फिरून एखादी मुलगी ऊसतोड करणाऱ्या बायांकडून प्रश्नावल्या भरून घेते. ‘मुकादमाकडून मिळालेल्या उचलीचा हिशेब नीट दाखवला जातो’, असं एक विधान. पाच पर्याय, ‘पूर्ण असहमत’ला एक आणि ‘पूर्ण सहमत’ला पाच. ती बाई पोर कडेवर घेऊन, चुलीतला जाळ सारत ‘असहमत’ म्हणाली. कागदावर दोन आकडा पडला. तो गठ्ठा तुमच्या टेबलावर आला आणि तुम्ही पहिला प्रश्न विचारला: ‘गाइडला काय पाहिजे, रिजेक्ट का अ‍ॅक्सेप्ट?’ उत्तर आधीच विचारून घेतल्यावर मोजायला काही उरत नाही. संध्याकाळपर्यंत त्या दोनाचे चार झालेले असतात. त्या बाईनं जे कधी सांगितलंच नाही ते प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिच्या तोंडी कायमचं बसतं. प्रबंध शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतो, पुढचा विद्यार्थी त्याचा संदर्भ देतो, आणि तांड्यावरचा तो नकार होकार म्हणून फिरत राहतो.

तुम्ही म्हणाल, आकडे बदलणारे दुसरे असतील, आम्ही फक्त ‘रन’ करतो. ठीक. मग ‘रन’बद्दल बोलू. तुमच्या तक्त्यात पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता, 0.000 छापलेली असते आणि प्रबंधातही ‘पी बरोबर 0.000’ असं उतरतं. ती शून्य नसते. एसपीएसएस हे तुमचं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर तीनच दशांश स्थळं दाखवतं, म्हणून 0.0005 पेक्षा लहान काहीही तिथं तीन शून्यांसारखं दिसतं. लिहायचं असतं ‘0.001 पेक्षा कमी’. ज्याला हे माहीत नाही तो यंत्राचं बटण दाबतो, विश्लेषण करत नाही. आणि ज्याला माहीत असूनही पोरीला सांगत नाही, तो तिला व्हायवाला उघडी पाडतो.

दुसरं, वीस-वीस चाचण्या लावून त्यातली एक जुळली की तेवढीच छापायची ही तुमची रीत. पाच टक्क्यांची पातळी घेतली, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना वीस चाचण्यांत सरासरी एक चाचणी नुसत्या योगायोगानं ‘सिग्निफिकंट’ निघते. तुम्ही बाकीच्या एकोणीस पुसून टाकता आणि योगायोगाचं बिल फाडता. तुमच्या दुकानातून एकही शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक, जिवंत बाहेर पडल्याचं मी पाहिलेलं नाही. खऱ्या संशोधनात असं होत नाही. कधी फरक सापडतो, कधी सापडत नाही, आणि न सापडणं हीदेखील माहितीच असते.

तुमचे आकडे पकडता येत नाहीत असं समजू नका. निक ब्राऊन आणि जेम्स हीदर्स यांनी 2016 मध्ये ‘ग्रिम’ नावाची तपासणी मांडली. तिला कागद-पेन्सिलही पुरते. पंचवीस जणांनी एक ते पाच यांतला पूर्ण आकडा निवडला, तर बेरीज पूर्णांकच येणार, आणि सरासरी 0.04 च्या पटीतच पडणार: 3.44, नंतर 3.48. मधला 3.47 अशक्य आहे. पंचवीस माणसं कितीही फिरवून बसवली तरी ती सरासरी निघत नाही. लेखी प्रश्नावल्या असलेल्या प्रबंधात असे अशक्य आकडे दिसले की मला त्या विद्यार्थ्याचा राग येत नाही. तो आकडा कुठल्या टेबलावर तयार झाला हे मला कळतं.

याच महाराष्ट्रात आकड्याची बूज राखणारी माणसं होऊन गेली, म्हणून हे जास्त टोचतं. पां. वा. सुखात्मे 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले, लंडनला संख्याशास्त्र शिकले, पुढं जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी शेतीवर काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेनं 1954 मध्ये काढला, आणि कृषी महाविद्यालयांत त्याच्या आधारानं पिढ्या घडल्या. त्याआधी, 1940 च्या दशकात, या दोघांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर उभी केली: चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. सोयीचं शेत निवडायचं नाही, रस्त्याकडेचं निवडायचं नाही. आपला पूर्वग्रह आकड्यात शिरू नये म्हणून एवढी सगळी शिस्त.

औसा-निलंग्याच्या सोयाबीनवाल्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. पीकविम्याचा हिशेब मोठ्या प्रमाणावर याच प्रयोगावर चालतो. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीम स्तरानं गुणायचं, की उंबरठा उत्पादन मिळतं. महसूल मंडळातलं प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या खाली गेलं तर भरपाई, नाहीतर काही नाही. कापणीच्या तुकड्यात दोन किलोचा खोटेपणा झाला तर अख्ख्या मंडळाच्या खिशाला चाट बसते. ज्या मुलुखात एका वजनावर हजारो घरांची दसरा-दिवाळी ठरते, त्या मुलुखात तुम्ही ‘थोडं अ‍ॅडजस्ट करून देऊ’ हे वाक्य उच्चारता.

आता तुमच्या हत्याराबद्दल. पेनड्राइव्हवरून चढवलेलं, क्रॅक केलेलं, अँटिव्हायरस बंद करूनच सुरू होणारं एसपीएसएस. ते सॉफ्टवेअर 1968 पासून आहे, 2009 मध्ये आयबीएमनं ते विकत घेतलं, विकत घेऊन वापरणाऱ्यांसाठी ते चांगलंही आहे. तुम्ही ते विकत घेतलेलं नाही. चोरीच्या मालावर तुम्ही पोरांकडून मजुरी घेता, आणि प्रबंधात ‘एसपीएसएसच्या साहाय्यानं विश्लेषण केले’ असं लिहायला लावून त्यांना त्या चोरीत सही करायला लावता.

हे सगळं करायची काहीएक गरज नव्हती, हेच मला सहन होत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आर’ नावाची भाषा तयार केली. 1995 मध्ये त्यांनी ती जीपीएल परवान्याखाली सगळ्या जगाला खुली केली. 29 फेब्रुवारी 2000 रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. हा परवाना काय म्हणतो? वापरा, आत काय आहे ते वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. आज तिच्यासाठी लोकांनी लिहिलेली वीस हजारांहून जास्त पॅकेजं फुकट मिळतात. शेतीच्या प्रयोगांसाठी ‘अ‍ॅग्रिकोले’ हे पॅकेज पेरूमधल्या एका संख्याशास्त्रज्ञानं लिहिलं. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या, लातूरच्या कृषी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला आरबीडी, स्प्लिट प्लॉट, सीडी व्हॅल्यू हे सगळं त्यातून काढता येतं. केरळ कृषी विद्यापीठानं ‘आर’वरच उभी केलेली ‘ग्रेप्स’ ही सोय तर ब्राउजरमध्ये उघडते. कोड लिहायची भीती वाटते त्यांच्यासाठी जामोवी आणि जास्प आहेत, मेन्यूवर क्लिक करून चालणारे. तुमच्या जुन्या एसपीएसएसच्या फाइल उघडणारं पीएसपीपीसुद्धा आहे.

‘हे इंग्रजीत, आपल्या पोरांना झेपत नाही’ हे तुमचं आवडतं वाक्य. सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या तीन मराठी प्राध्यापकांनी 2008 मध्ये ‘आर’ वापरून संख्याशास्त्र शिकवणारं पुस्तक लिहिलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ‘आर’चे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पाचे कितीतरी धडे मराठी आवाजात ऐकता येतात. किनवटच्या पोराला हे झेपत नाही हे तुम्ही ठरवलंत, कारण त्याला झेपलं तर तुमचं दुकान बसतं.

फुकट मिळणं ही त्यातली छोटी गोष्ट आहे. लातूरच्या बाजार समितीत शेतकरी माल घातल्यावर काट्यासमोर उभा राहतो, काट्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि आडत्यानं काटा पडद्याआड नेला तर तो माल उचलून घेऊन जाईल. खुलं सॉफ्टवेअर हा समोर ठेवलेला काटा आहे. ‘आर’मध्ये एखाद्या फंक्शनचं नाव कंसाशिवाय टाइप केलं की बहुतेक वेळा त्याचा आतला कोडच पडद्यावर येतो: कशाला कशानं भागलं, रिकामे आकडे धरले की सोडले. आणि विद्यार्थ्यानं लिहिलेली स्क्रिप्ट हा त्याचा जबाब असतो. मूळ फाइल आणि स्क्रिप्ट दिली की देगलूरचा तक्ता परीक्षकाला पुण्यात बसून पुन्हा काढता येतो. तुमच्याकडून मुलीला काय मिळतं? वर्डमध्ये चिकटवलेली तक्त्यांची चित्रं. मूळ फाइल मागितली तर वेगळे पैसे, नाहीतर ‘फॉर्मॅट मारला, उडाली’.

फाइल उघडी असली की काय होतं ते 2013 मध्ये जगानं पाहिलं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये लिहिलं होतं की देशाचं सरकारी कर्ज सकल उत्पादनाच्या नव्वद टक्क्यांपलीकडं गेलं की वाढ खुंटते. युरोपात खर्चकपातीसाठी त्या निबंधाचे दाखले दिले गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून ते आकडे पुन्हा काढत होता; ते जुळेनात. त्यानं लेखकांकडं एक्सेलची फाइल मागितली, त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटले होते. तेवढ्यानंच सगळं बदललं असं नाही, इतर निवडीही वादाच्या होत्या. पण सगळं दुरुस्त केल्यावर उणे 0.1 टक्क्याची वाढ 2.2 टक्के निघाली. एका विद्यार्थ्यानं मोठ्यांची चूक दाखवली, कारण मोठ्यांनी फाइल लपवली नाही. ते तुमच्याकडून एवढं तरी शिकले नव्हते.

तुमच्याइतकाच दोष आम्हा शिक्षकांचाही आहे, आणि तो मी झाकत नाही. विद्यार्थ्याला ‘एसपीएसएस करून आण’ म्हणून धाडणारे मार्गदर्शक तुमचे पहिले गिऱ्हाईक आहेत. प्री-पीएच.डी. कोर्सवर्कमध्ये संगणकाचा तास पॉवरपॉइंटवर उरकणाऱ्या विभागांनीच तुम्हाला ही जागा रिकामी करून दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी शब्दांची चोरी मोजायची सोय केली, दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं असं ठरवलं. पण साम्य मोजणारं सॉफ्टवेअर शब्द वाचतं. दोनाचे चार केलेले त्याला दिसत नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योती यांची शिष्यवृत्ती म्हणजे मागे राहिलेल्या समाजांतल्या पोरांसाठी ठेवलेला जनतेचा पैसा. त्यातला वाटा तुमच्या गल्ल्यात जातो आणि पोरगं स्वतःच्याच प्रबंधातला चौथा अध्याय न समजता पदवी घेतं. उद्या तेच पोरगं कुठल्यातरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्राचा पेपर शिकवणार.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं नांदेडचं आपलं विद्यापीठ 1994 मध्ये मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, 17 सप्टेंबरला सुरू झालं. आपल्या भागातल्या पोरांना शिकायला औरंगाबादच्या वाऱ्या कराव्या लागू नयेत, म्हणून लोकांनी ते मागून घेतलं. आपली परिस्थिती आपण मोजावी, दुसऱ्यानं सांगितलेली ऐकू नये, हा त्यातला मोठा भाग. किल्लारीच्या भूकंपानंतर गावं पुन्हा उभी राहिली तेव्हा कोणाचं काय झालं, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातूरच्या कुठल्या वस्तीला किती मिळालं, ऊसतोडीला गेलेल्या घरातली लेकरं शाळेत टिकतात का, हे प्रश्न आपल्याच विद्यार्थ्यांनी विचारायचे आहेत. त्यांची उत्तरं तुमच्या कळफलकावर ठरू लागली, तर त्या गावांबद्दल आपल्याला काहीच कळणार नाही.

तर सर, काम बंद करा असं मी म्हणत नाही. टायपिंग करा, बाइंडिंग करा, जामोवी कसं चढवायचं ते शिकवून त्याची फी घ्या. ती मेहनतीची कमाई असेल. पण ज्यांच्या ज्यांच्या मूळ फाइल तुमच्या संगणकात पडून आहेत त्या त्यांना परत द्या, बदल करण्याआधीच्या. चोरलेलं सॉफ्टवेअर काढून टाका. आणि ‘रिजेक्ट का अ‍ॅक्सेप्ट’ हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारू नका.

पीएच.डी.ची अंतिम मौखिक परीक्षा खुली असते. शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांनाही तिथं बसता येतं, आणि तुम्ही तर स्वतःला ‘सर’ म्हणवून घेता. यापुढं मी परीक्षक असेन तिथं विद्यार्थ्याला प्रश्नावल्यांचा गठ्ठा, भरलेली फाइल आणि स्क्रिप्ट घेऊन यायला सांगेन. चौथ्या प्रकरणातला कुठलाही एक तक्ता सगळ्यांसमोर पुन्हा काढायला लावेन. तुम्हीही या, पुढच्या रांगेत बसा. पंचवीस जणांची सरासरी 3.47 कशी आली हे त्या मुलीला सांगता आलं नाही, तर तो प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे.

संख्याशास्त्राचा एक शिक्षक