बादलीतला आकडा

मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असतं. एवढ्याशा जागेत कंपनीचं नाव, क्षमतेचा आकडा, गोल सीच्या आत १०, यूच्या पोटात १ किंवा ३, व्ही३०, ए१ किंवा ए२ आणि या सगळ्यांच्या मधे चेंगरून उभा राहिलेला एक रोमन एक, असा ऐवज बसवलेला असतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने हे वाचून कार्ड निवडावं, अशी छापणाऱ्यांची अपेक्षा दिसत नाही. खोक्यावर मात्र एकच आकडा लांबून वाचता येतो. सेकंदाला १०० एमबी, नाहीतर १५०, नाहीतर २००. माणूस तोच वाचतो आणि पैसे देतो.

आत्याला कार्ड हवं होतं ते कीर्तनासाठी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती गावातलं एकही कीर्तन चुकवत नाही. नुसतं ऐकण्यावर तिचं भागत नाही. पहिल्या रांगेत बसून ती ते अथपासून इतिपर्यंत फोनवर घेते. निदान घेण्याचा प्रयत्न करते. तिचा फोन बरोबर मध्यंतराच्या सुमाराला भरायचा. अभंगाचं निरूपण संपलं, बुवांच्या गळ्यात हार पडला, आता आख्यान रंगणार, की पडद्यावर पाटी यायची : जागा शिल्लक नाही. त्यामुळे तिच्या संग्रहात पूर्वरंग मुबलक आणि उत्तररंग औषधालाही नाही. "माझा अभिमन्यू दर वेळी चक्रव्यूहाच्या दारात उभा," ती म्हणाली. "आत गेलेला मी अजून पाहिला नाही."

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कार्डं मिळतात आणि त्यावर सल्ला फुकट मिळतो. काउंटरवरच्या मुलाने आमचं वाक्य पुरं व्हायच्या आत तीन कार्डं काचेवर टाकली.

"काकू, हे घ्या. क्लास टेन. एकदम ओरिजिनल."

"मी कुठे म्हटलं नाही म्हणून?" आत्या म्हणाली. "दहावीच्या खालचे कुठले असतात?"

"पूर्वी टू, फोर, सिक्स यायचे. आता सगळे टेनच."

"दुसरी, चौथी, सहावी आणि एकदम दहावी? मग आठवी कुठे गेली?"

त्या मुलाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मालकाकडे. मालक हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले.

आठवी का गाळली ते मला सांगता येणार नाही, पण बाकीचा अर्थ सरळ आहे. क्लासचा आकडा म्हणजे कार्ड सेकंदाला कमीत कमी किती एमबी सलग लिहून घेईल त्याची हमी. क्लास ४ म्हणजे ४, क्लास १० म्हणजे १०. हे नियम एसडी असोसिएशनचे. १९९९मध्ये मात्सुशिता (म्हणजे आपलं पॅनासॉनिक), सॅनडिस्क आणि तोशिबा या तिघांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ही संस्था काढली. जाता जाता एक गंमत. कार्डावरच्या एसडी या चिन्हातला डी नीट बघा, तबकडीसारखा दिसतो. कार्डात कुठे आली तबकडी? झालं असं, की ते चिन्ह मुळात तोशिबाच्या सुपर डेन्सिटी डिस्कसाठी काढलेलं होतं. डीव्हीडीच्या धामधुमीत ती डिस्क मागे पडली, चिन्ह रिकामं राहिलं, ते कार्डाला लावून टाकलं. हे सांगितल्यावर आत्याच्या मनात त्या कंपनीबद्दल एकदम आदर उत्पन्न झाला. वस्तू टाकून न देणाऱ्या माणसांवर तिचा आधीपासून विश्वास आहे.

पुढे नियम वाढत गेले. क्लास १० झाल्यावर यू१ आला, त्याची हमीही १०चीच. यू३ आला, तो ३०चा. २०१६ साली व्हिडिओवाल्यांसाठी व्ही६पासून व्ही९०पर्यंतची मालिका आली. त्यात व्ही१० म्हणजे पुन्हा १०, व्ही३० म्हणजे पुन्हा ३०. त्याच वर्षी ए१ आला, आणि त्याच्या अटींतही सलग लिहिण्याचा वेग १०च. म्हणजे एखाद्या कार्डावर सी१०, यू१, व्ही१० आणि ए१ अशी चार पदकं लटकत असली, तरी सलग लिहिण्यापुरतं ते चार वेळा एकच गोष्ट सांगत असतं. सत्काराच्या सभेत सूत्रसंचालक, प्रास्ताविक करणारे, पाहुण्यांची ओळख करून देणारे आणि आभार मानणारे जे करतात, तेच.

आता मुद्दा असा, की कीर्तनाला लागतं किती? इथे एक बारीक खोच आहे आणि तिच्यावरच बराचसा धंदा चालतो. कार्डाचा वेग मेगाबाइटमध्ये सांगतात, व्हिडिओचा मेगाबिटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. फुल एचडी चित्रीकरण, सेकंदाला ३० चौकटी, याला साधारण फोनवर सेकंदाला १७ मेगाबिटच्या आसपास लागतात. आठाने भागलं की दोनाच्या किंचित वर. म्हणजे आमच्या बुवांना पूर्वरंगापासून आरतीपर्यंत टिपायला सेकंदाला दोन-सव्वादोन एमबी पुरतात. बुवा जलद लयीत आर्या म्हणू लागले तरी त्यात वाढ होत नाही. अगदी फोर-के केलं तरी आकडा ५-६ एमबीच्या घरात राहतो. दहाची हमी असलेलं कार्ड इथे निम्मं रिकामंच बसलेलं असतं.

दुकानदाराला हे पटलं नाही. "पण साहेब, फास्ट घेतलेलं चांगलं ना?"

चांगलं, पण कशासाठी, ते पंगतीत वाढलेल्या माणसाला चटकन कळतं. लांबलचक व्हिडिओ लिहून घेणं म्हणजे वरण वाढणं. बादली उचलली, एका टोकाला सुरुवात केली, पळी घालत दुसऱ्या टोकाला पोचलो. मागे वळायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. यूच्या पोटातला आकडा हा या वाढप्याचा किमान वेग, आणि कार्डावरचा तो यू दिसतोही बादलीसारखाच. फोनमधली अॅप कार्डावर ठेवून चालवणं हा प्रकार निराळा. तिथे तिसऱ्या रांगेतून कुणीतरी लिंबू मागतं, पहिल्या पानावर मीठ राहिलेलं असतं, दाराशी बसलेल्या मुलाला ताक हवं असतं, आणि सगळे एकदम ओरडतात. या गडबडीत बादलीचा आकार उपयोगाचा नाही. सेकंदाला किती हाकांना ओ दिली, ते मोजायचं. ए१ कार्ड वाचण्याच्या किमान १५०० आणि लिहिण्याच्या ५०० हाका सांभाळतं, २०१७मध्ये आलेलं ए२ अनुक्रमे ४००० आणि २०००. ए२ची मेख अशी, की यजमानाने त्याला मागण्या एकेक न ओरडता यादी करून द्याव्या लागतात. ती पद्धत फोनलाही यावी लागते, आणि बऱ्याच फोनांना ती येत नाही. मग ए२ जादा पैसे घेऊन ए१सारखंच वाढत राहतं.

आत्या कार्डावर अॅप ठेवणार नव्हती. "मला लिंबूवाले नकोत," तिने निकाल दिला. "मला वरणवाला दे."

राहिला खोक्यावरचा तो मोठा आकडा. तो बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे, आणि तोही सगळं जुळून आलेल्या दिवसाचा. तो चेंगरलेला रोमन एक म्हणजे कार्ड आणि फोन यांच्यामधल्या रस्त्याची जात, आणि त्या रस्त्यावर नियमाने सेकंदाला १०४ एमबीच्या वर जाता येत नाही. मग १५० आणि २०० कुठून येतात? काही कंपन्यांनी नियमाच्या पलीकडची आपली खास युक्ती बसवलेली असते. ती जाणणारा रीडर तुमच्याकडे असेल तर तो वेग दिसतो. आपण मात्र फोनला वायर लावून कॉम्प्युटरवर घेणार. स्वस्तातल्या पुष्कळ फोनांचा यूएसबी अजून २.०च आहे, तो कागदावरही साठाच्या वर जात नाही, प्रत्यक्षात तर बराच खाली. म्हणून कार्ड घेताना मी खोका बाजूला ठेवतो आणि कार्डावरची बारीक अक्षरं वाचतो. मोठ्या आकड्याबद्दल कंपनी कुणाला बांधील नसते. त्या बारीक चिन्हाला मात्र ती बांधलेली असते.

वेगाचं कार्ड कुणीच घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. माझा भाचा हेल्मेटवर कॅमेरा लावून हरिश्चंद्रगडाच्या वाटा चढतो. त्याचा कॅमेरा फोर-केला सेकंदाला १०० मेगाबिट ओकतो. आठाने भागले की साडेबारा. इथे दहाची हमी अडीचने तोकडी पडते आणि चित्रीकरण मधेच थांबू शकतं. त्याला व्ही३० किंवा यू३ हवंच. त्याच्या व्हिडिओत बहुतेक वेळ पुढच्या गड्याची पाठपिशवी दिसते, पण ती फार स्पष्ट दिसते.

वेगाच्या आधी फोनचा खण मात्र उघडून बघावा. आयफोनला कार्डाचा खण कधी नव्हताच. सॅमसंगने २०२१च्या गॅलेक्सी एस२१पासून आपल्या वरच्या फोनांतून तो काढून टाकला. पुष्कळ फोनांत दुसरं सिम आणि कार्ड यांना मिळून एकच जागा असते, एकाला बसवायचं तर दुसऱ्याला उठवावं लागतं. आत्याच्या फोनात तिघांना तीन जागा निघाल्या, म्हणून गॅस-नोंदणीचा जुना नंबर वाचला. आणखी एक सांगून ठेवतो. कार्ड घातलं म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी सुप्रभाताची फुलं आपोआप त्यावर जाऊन बसत नाहीत. ती फोनच्याच पोटात साठतात. त्यांच्यावर कुठल्याही क्लासचं कार्ड हा इलाज नाही.

यू१ची बादली असलेलं १२८ जीबीचं कार्ड आम्ही घेतलं. दोन तासांचं कीर्तन साधारण १५ जीबी होतं, म्हणजे आठ कीर्तनं मावावीत. घरी येऊन ते कॉम्प्युटरला लावलं तर ११९ दिसले.

"नऊ जीबी त्याने ठेवून घेतले?" आत्या पर्स उचलून निघण्याच्याच बेतात होती. कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ने, माल तेवढाच आहे, हे तिला कागदावर भागाकार करून दाखवलं. तिने तो तपासला आणि शेवटच्या ओळीखाली सवयीने बरोबरची खूण केली.

तरी खात्री करून घेतली. बनावट कार्डांची लबाडी अशी, की आत असतात ८ जीबी आणि कार्ड बेधडक १२८ सांगतं. आठ भरेपर्यंत सगळं सुरळीत. नंतरचं एकतर हवेत जातं किंवा आधीच्या मजकुरावर चढतं. विकत घेणाऱ्याला हे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतं, तोवर बिल हरवलेलं असतं. एफ३सारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेलं परत वाचून ताडून बघतात. दहाच्या वेगाने १२८ जीबी भरायला साडेतीन तास लागले असते. आमचं कार्ड हमीपेक्षा पुष्कळ जलद निघालं आणि चहाच्या वेळेपर्यंत पास झालं. त्याच्या अंगातला सगळा वेग वापरला गेला तो त्या दुपारी. त्यानंतर ते बुवांच्या सेवेत सेकंदाला सव्वादोन एमबीवर निवांत आहे. महिन्याकाठी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, हेही ठरलं आहे, कारण वेग आणि टिकाऊपणा यांचा काही संबंध नसतो आणि जलद कार्डही एक दिवस न सांगता जातं.

आता आत्याकडे संपूर्ण उत्तररंग आहेत, आणि कीर्तनाला येणाऱ्या बायका कार्ड घेताना तिलाच विचारतात. परवा एकीने खोक्यावरचा दोनशेचा आकडा तिला मोठ्या कौतुकाने दाखवला. आत्याने चष्मा सारखा करून खोका उलटसुलट केला आणि परत दिला.

"हे राहू दे गं. बादली बघ, बादली. तिच्यात एक असला तरी आपलं भागतं. तीनची घेऊन आपण काय सिनेमा काढणार आहोत?"