जागा पाहावी कासवाने

चाकांवरचं घर घेऊन गोव्यातल्या पेडण्यात उतरलेला माणूस आधी समुद्र बघतो, मग सावली. केरीला दोन्ही मिळतं. सुरूच्या बनाच्या कडेला गाडी लावायची, मागचं दार लाटांकडे उघडायचं, फोटो काढायचा. त्याच कडेला मुळं उघडी पडून सुरू आडवे झालेत, पण ते फोटोत छान दिसतात. ‘धूप’ हा शब्द त्याला देवघरातला वाटतो.

हरमलला माडाखाली जागा मिळाली की स्वारी खूश. वर नारळ किती आणि पाडेली शेवटचा कधी चढला, हे विचारायचं सुचत नाही. टपावर पडलेला नारळ मात्र फुकट!

किनाऱ्यावर वाळक्या काड्याकुटक्यांचा एक पट्टा असतो, भरतीने स्वतः आखलेली हद्द. आमचे पाहुणे हटकून त्याच्या खाली उतरतात, आणि तेही अमावास्येला. पहाटे टायरखाली फळी, गोणपाट, शेवटी पायपुसणं. वाळूत गाडी घालायला मनाई आहे, हे तेव्हा कळतं. चूल मांडली असेल तर 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर उघड्यावर रांधण्याचा दंड वेगळाच.

मोरजी-मांद्र्याला ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, तो पट्टा ओलांडून वर जाते, कोरडी वाळू उकरते, शंभरेक अंडी घालते नि परतते. आरक्षण नाही, वायफायचा पासवर्ड नाही. सकाळी वनखातं तिच्या जागेला कुंपण घालतं, आणि पाहुणे विचारतात, आत पार्किंग आहे का?