आगाऊ पाहुण्यांस

मालवण तालुका,
२६ डिसेंबर २०२१

मुंबई, ठाणे, पुणे आणि कोल्हापूर मुक्कामी असलेल्या समस्त पर्यटकांस,

स.न.वि.वि.

या आठवड्यात आपल्यापैकी एकोणीस जणांचे फोन येऊन गेले. उरलेल्यांचेही येतील. प्रत्येकाशी तेच ते बोलून घसा बसायला लागला, आणि हल्ली घसा बसला की घरातली माणसं संशयाने बघतात. म्हणून हे एकच पत्र. वर ‘आगाऊ’ म्हटलंय ते आगाऊ रक्कम भरलेले या अर्थाने. दुसरा अर्थ कुणाला लागू पडत असेल तर त्याने तो आपल्या जबाबदारीवर घ्यावा.

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. “काका, तिकडे कोरोना आहे का हो?” हे विचारणारे एक गृहस्थ डोंबिवलीचे होते. राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण याच महिन्याच्या चार तारखेला कल्याण-डोंबिवलीतच सापडला. मी म्हटलं, “सध्या तरी नाही. आपण कधी येताय?” ते हसले नाहीत. तीस तारखेला निघतो म्हणाले, आणि बोलता बोलताच निम्मे पैसे पाठवून मोकळे झाले. तेव्हा मग मीही हसलो नाही.

आमच्या गावाच्या वेशीवर एक बोर्ड आहे, तो आपण पाहिलेलाच आहे. बहुतेक सगळ्यांचा त्याच्याखाली फोटोही आहे. ‘येवा, कोकण आपलाच आसा.’ सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून आम्ही हे वाक्य जिथे भिंत मिळेल तिथे रंगवत आलो. मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली, तेव्हा त्याच बोर्डाच्या खांबाला आम्ही एक बांबू आडवा बांधला. अलीकडे चिरे रचले, त्यावर बोरीच्या फांद्या टाकल्या आणि एका पत्र्यावर लाल रंगाने लिहिलं, ‘गावात प्रवेश बंद.’ वरचा बोर्ड काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळे दोन महिने आमचं गाव जगाला सांगत होतं: येवा, कोकण आपलाच आसा, गावात प्रवेश बंद.

त्या बांबूपाशी रात्रीच्या पाळीला मी असायचो. हातात काठी, बॅटरी, तोंडाला बायकोच्या जुन्या ब्लाउजपीसचा मास्क. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला कशाचा तरी अधिकार दिला होता. एका रात्री खारेपाटणच्या नाक्यावर सहा तास खोळंबून एक गाडी आली. काच खाली झाली तर आत माझा थोरला भाऊ, वहिनी आणि दोन मुलं. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत दीड महिना काढून, ई-पास मिळवून, खासगी गाडीला तिप्पट पैसे मोजून दादा आपल्या जन्मगावी आला होता. मी बॅटरी त्याच्या तोंडावर मारली आणि म्हटलं, “दादा, नियम म्हणजे नियम.”

नियम चौदा दिवसांचा होता. दादा सहकुटुंब मराठी शाळेत राहिला. तिसरीच्या वर्गात, बाकं जोडून, पाढे रंगवलेल्या भिंतीखाली. डबा मी गडग्यावर ठेवायचो आणि मागे फिरून मग हाक मारायचो. आई रोज संध्याकाळी वीस पावलांवर उभी राहून नातवंडांना बघून यायची. आपण माझ्या ज्या दोन नव्या खोल्यांची चौकशी करता, ‘सी फेसिंग आहेत ना?’ म्हणून, त्यांचे चिरे दादाच्या फंडाच्या पैशांतून आलेत. हे त्याने तेव्हा बोलून दाखवलं नाही. मीही आठवण काढली नाही.

ऑगस्टमध्ये गणपतीला चौदाचे दहा झाले. म्हणजे विषाणूसुद्धा सरकारदरबारी अर्ज करून चार दिवस सवलत देत होता असं दिसतं. तरी गाऱ्हाण्यात आम्ही देवाला सांगितलंच की बा म्हाराजा, भायरून इलेली इडापिडा भायरच्या भायर जाऊ दे. व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांमध्ये चाकरमानीही होते. त्यांचाही आवाज मोठा होता.

आणि मग दिवाळीत आपण आलात.

गोव्याने २ जुलै २०२० लाच पर्यटकांना दार उघडलं, तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती. मे महिन्याच्या एक तारखेला एकही रुग्ण नाही म्हणून मिरवणारं राज्य दोन महिन्यांत पैशांसाठी पाघळलं, असं आम्ही पारावर बसून म्हणत होतो. आम्हाला पाघळायला चार महिने लागले, एवढाच आमचा सोवळेपणा. वेशीवरचा तो बांबू मी स्वतः सोडवून आणला आणि खळ्यात आपल्या जेवणासाठी जो मांडव घातला, त्याला लावला. अजून तिथेच आहे. आपण ओले टॉवेल वाळत घालता तो.

दादाला चौदा दिवस लागले होते, आपल्याला चार सेकंद. कपाळावर पिस्तूल रोखून ताप मोजायचं यंत्र मी कुडाळहून आणलं होतं. ते कुणालाही बत्तीस अंश दाखवायचं. त्या हिशेबाने माझ्याकडे उतरलेले सगळे पाहुणे केव्हाच थंड पडलेले होते. आम्ही त्यांना सुरमई वाढली. त्यांनी सोलकढी दोनदा मागून घेतली.

आता आपण म्हणाल, एवढं वाटतं तर नाही म्हणायचं होतंत. म्हणतो की! आधी आमचं कॅलेंडर ऐका. आपलं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आमचं ऑक्टोबरात. २६ मेपासून ऑगस्टअखेर पाण्यातले सगळे खेळ बंद, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद. जून-जुलै मासेमारी बंद. म्हणजे कमाई काय ती दिवाळी, नाताळ आणि मुख्य म्हणजे मे महिना. २०२० चा मे टाळेबंदीत गेला. २०२१ चा मे दुसऱ्या लाटेत गेला, आणि जे काही उरलं होतं ते १६ मेला किनाऱ्यावरून पुढे सरकताना तौक्ते वादळ घेऊन गेलं: माझे सात माड, एका खोलीचे पत्रे आणि अकरा दिवसांची वीज. बँकेने २०२० मध्ये सहा महिने हप्ते थांबवले होते. व्याज थांबवलं नव्हतं, ते कुठल्याच लाटेत आजारी पडलं नाही. तेव्हा मी आपल्याला ‘येऊ नका’ म्हणू शकत नाही. हे पत्र त्या अर्थाने नादारीचंच आहे.

आपलीही बाजू मला कळते. दोन वर्षं त्याच चार भिंती, तोच लॅपटॉप, त्याच खोलीत मुलांची शाळा आणि त्याच खोलीत नवऱ्याची मीटिंग. समुद्र बघायची इच्छा होणार नाही तर काय? एक ताई मागच्या वर्षी आल्या होत्या. खोलीत बॅग टाकली आणि तडक वाळूत जाऊन बसल्या. अर्धा तास नुसत्या रडत होत्या. मी चहा नेऊन ठेवला आणि परत आलो. त्यांच्याकडून त्या चहाचे पैसे घेतले नाहीत. (बिस्किटांचे घेतले.)

माझी तक्रार आपल्या येण्याबद्दल नाही, भीती कुठे वापरावी याच्या आपल्या हिशेबाबद्दल आहे. आपण माझ्या ताटांवर सॅनिटायझर फवारता. नारळपाणी देणाऱ्या पोराला लांबून पैसे टाकता. मग त्याच सकाळी स्कूबाला जाता आणि नळीचं जे रबरी टोक आपल्या आधी वीस जणांनी दातांत धरलं होतं, ते निर्धास्तपणे तोंडात घालता. बोटीवर ते एका बादलीत बुचकळतात, हे खरं. त्या बादलीत काय असतं, ते आपण कधी विचारलं नाहीत. मीही विचारलं नाही, कारण दर माणशी माझं कमिशन ठरलेलं आहे. पाण्याखाली मासे बघताना आपले डोळे विस्फारलेले दिसतात त्या व्हिडिओत. जमिनीवर आल्यावर आपण पुन्हा मास्क लावता आणि विचारता, “काका, स्वयंपाकीण लस घेतलेली आहे ना?”

तिच्याबद्दल सांगतो.

मागच्या शिमग्याला, मार्चअखेर, जोडून सुट्ट्या होत्या. आपल्यापैकीच एक कुटुंब आलं होतं. आजोबा रात्रभर खोकत होते. “एसीची सवय नाही त्यांना,” असं सून म्हणाली. ज्या माणसाला एसीची सवय नाही त्याच्यासाठी एसीचीच खोली का घेतली, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तीन दिवस राहून, सगळ्यांचे हात हातात घेऊन ती मंडळी गेली. भली माणसं होती. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी आमटी खारट झाली. दुसऱ्या दिवशी आणखी खारट. पाहुण्यांनी ताटं सरकवली तसा मी आत जाऊन आमच्या भाकऱ्या करणाऱ्या बाईंना ओरडलो. त्या म्हणाल्या, “भाऊ, माका मीठच कळणा नाय.”

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. त्यांनाच कळलं, आणि त्या आपणहून घरी गेल्या. घरी ऐंशीची सासू होती. मुलगा मुंबईला. आमच्याकडे घरोघर हेच आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ बायका निघाल्या, त्या काही बायका जास्त जन्मतात म्हणून नव्हे. सासूला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथून पुढची वाट आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच, गोव्याला बांबोळीचं रुग्णालय. शंभरेक किलोमीटर, आणि मधे राज्याची सीमा. त्या दिवसांत बांबोळीतच खाटा पुरत नव्हत्या. मे महिन्यात तिथे ऑक्सिजन कमी पडून रात्री-अपरात्री माणसं गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयात उभं राहिलं, ते आपण वाचलं असेल. म्हातारीवर तेवढी वाट करायची वेळच आली नाही. ती ओरोसहून घरी आली नाही, एवढंच.

आजोबांकडूनच ते आलं असं मी म्हणणार नाही. कुडाळच्या बाजारातून मीसुद्धा आणलं असेल. त्या कुटुंबाने मात्र इंटरनेटवर आम्हाला पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘अगदी घरच्यासारखं वाटलं.’ मी ते आजही काढलेलं नाही. त्यावर बुकिंग येतं.

असो. एकतीस तारखेविषयी. परवापासून रात्री नऊ ते सकाळी सहा सार्वजनिक जागी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, असा सरकारचा हुकूम निघालाय. विषाणूला दिवसा उन्हाचं बाहेर पडवत नसावं. रात्री नऊनंतर आमच्या किनाऱ्यावर पाच माणसं म्हणजे आम्हाला गर्दी, त्यामुळे हा हुकूम आपल्यासाठीच आहे. ज्यांनी तेवीस जणांच्या ग्रुपसाठी ‘बीचवर डीजे’ विचारलाय, त्यांनी पाच-पाचच्या टोळ्या करून बसावं आणि उरलेल्या तिघांनी मोजदाद ठेवावी. वायफाय आहे. गेल्या वर्षी गावातली पोरं रेंजसाठी सड्यावर चढून ऑनलाइन शाळा शिकली, पण आपल्या ‘वर्केशन’साठी मी तार थेट खोलीपर्यंत ओढून घेतली. आता पोरं संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसतात. त्यांना हाकलू नका, ती पासवर्ड आपल्याकडूनच शिकली आहेत.

एक मात्र मनापासून. कणकण वाटली, घसा धरला, तर मला सांगा. मी पैसे परत करीन. पूर्ण नाही, पण करीन. एसटी दोन महिने संपावर आहे. आपल्याकडे गाडी आहे, आपण कोल्हापूर गाठाल. गावातल्या म्हातारीला मालवणच्या दवाखान्यात न्यायचं तर रिक्षावाला आत्ता सांगेल ती रक्कम, आणि सीझनमध्ये तो आपल्याला डॉल्फिन दाखवायच्या धक्क्यावर सोडायला गेलेला असतो.

कळावे. लोभ आहेच, तोच तर सगळा घोटाळा आहे.

आपला,
निवास आणि न्याहारीवाला

ता. क. पत्र पाकिटात घालताना दादाचा फोन आला. दोन्ही डोस झालेत, पोरांना रजा आहे, चार दिवस येतो म्हणाला. “घरात खोली गावात मा रे?” मी वही उघडली. तीस, एकतीस, एक, दोन, सगळीकडे आपली नावं. त्याच्या फंडाच्या दोन खोल्या डोंबिवलीकरांना दिलेल्या. मी काही बोलेना तसा तोच हसला आणि म्हणाला, “ऱ्हवांदे. तिसरीचो वर्ग रिकामो आसा काय, तेवढा बग.”