वेड पांघरून सेलूला

पेडगावचा माणूस परगावी गेला की त्याला एक टोमणा ठरलेला. गावाचं नाव सांगितलं की समोरचा डोळा मिचकावतो, "वेड पांघरून आलात का?" मग आम्ही समजावतो, बाबा रे, म्हणीतलं पेडगाव हे नव्हे. ते श्रीगोंद्याकडं, भीमेच्या काठी. १६७४ साली मराठ्यांच्या एका टोळीनं मुघल सरदार बहादूरखानाला मागं लावून लांब पळवलं आणि दुसरीनं रिकामी छावणी लुटली, असं सांगतात, ते तिथं. आमचं परभणीचं, रेल्वे लायनीवरचं. इथं लुटण्यासारखं आहे काय?

पण आमच्या टॉनिकसाहेबांनी म्हणीवर आमचाही हक्क लावला.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ, त्यामुळं गल्लीगणिक एक बीएस्सी ॲग्री सापडतो. हे त्यातलेच. वैशाखात लग्न झालं, ज्येष्ठात नोकरी लागली आणि आखाड लागताच बायको रीतीप्रमाणं माहेरी सेलूला गेली. नव्या नवरीचा आखाड माहेरी. जावयानंही महिनाभर सासरचा उंबरा चढायचा नाही. नोकरी म्हणजे समुद्री शेवाळाचं टॉनिक विकायचं. तेही अशा मुलखात, जिथल्या बहुतेकांनी समुद्र सिनेमात पाहिलेला.

कालिदासाच्या यक्षालाही कामात चुकल्याबद्दलच बायकोपासून दूर धाडलं होतं, म्हणजे टार्गेट त्यालाही असणार. पण त्याला ढगाकडून फक्त निरोप पाठवायचा होता. ढगाच्या भरवशावर माल खपवायचा नव्हता. इथं पाऊस नाही तर फवारणी नाही आणि झड लागली तरी फवारणी नाही. दुकानदार म्हणे, "साहेब, मागचेच डबे पडलेत. ते उचला, मग नवं बोलू." शेतकरी म्हणे, "आधी सोयाबीन उगवू तर द्या!"

साहेब पार वाळले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायचे, मोबाइल पालथा ठेवायचे आणि दर दोन मिनिटांनी उलटा करून पाहायचे. स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की आपसूक पुटपुटायचे, "देवळगाव अवचार, मानवत रोड, ढेंगळी पिंपळगाव..." पुढचं नाव मात्र तोंडातून निघायचं नाही. मी एकदा विचारलं, "जेवलात का?" तर म्हणाले, "पंपाला तीस मिली."

मग एकाएकी त्यांना वेड सुचलं. वरच्या साहेबाला फोन करून म्हणाले, सर, सेलूचं मार्केट फारच कच्चं आहे, मला काहीच जमत नाही, रोज जावं लागेल. त्यानं बिचाऱ्यानं शाबासकी दिली. सेलूचं एक कृषी सेवा केंद्र बरोबर सासऱ्याच्या घरासमोर. उंबरा चढायचा नव्हता. समोरच्या दुकानात उभं राहायला कोणत्या शास्त्राची मनाई?

दुकानदारही पक्का. "जावई, चहा घ्या. बसा. तिकडं तोंड करून बसा." आणि प्रत्येक चहामागं मोंढ्यातल्या ओळखीच्या चार जणांच्या गळ्यात डबा मारायचा. गावच्या जावयाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?

कंपनीला रोज दुकानासमोरचा लोकेशनसकट फोटो लागतो. साहेब सेल्फी काढून पाठवत. आठवडाभरानं वरून फोन आला, "तुमच्या प्रत्येक फोटोत मागं ओट्यावर सुपात ज्वारी पाखडणारी ही बाई कोण?"

"प्रगतिशील शेतकरी आहेत, सर."

"सगळ्या फोटोंत हसतायत."

"रिझल्ट चांगला आलाय, सर."

महिनाअखेर आकडे लागले, तर आख्ख्या जिल्ह्यात सेलू पहिलं. पेढे वाटले गेले. श्रावण लागला, सूनबाई पेडगावला परत आल्या, सासूनं ओवाळून घरात घेतलं. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: उत्कृष्ट कामगिरीबद्दल हेडक्वार्टर सेलू, मुक्काम तिथंच सक्तीचा.

आता साहेब सेलूत सासऱ्याच्या माडीवर राहतात आणि बायको पेडगावात. पेडगावचं मार्केट फारच कच्चं असल्याचं त्यांनी नुकतंच वर कळवलंय, पण या वेळी वरचा साहेब फोटो नीट बघून घेतो म्हणे.

आखाडात त्यांची दया येऊन मीही दोन लिटर घेऊन ठेवलं होतं. मला शेत नाही. कुणाला हवं असेल तर घेऊन जा, पैसे राहू द्या.