बारामतीच्या शेवटी युरो

मराठी मेल उघडावी आणि अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं वळवळताना दिसावीत, असं झालं की बारामती-इंदापूर पट्ट्यात एका ठरावीक माणसाला फोन जातो. भिगवण रस्त्यावर राहणारा असो की इंदापूरच्या स्टँडमागे, हा प्राणी सगळीकडे सारखाच. पडदा काळा, अक्षरं पांढरी, माउस धूळ खात पडलेला, आणि मेल वाचायला मट नाहीतर अल्पाइन. चित्र नाही, रंगीत बटण नाही, नुसता मजकूर. गाव त्याला चक्रम म्हणतं. मला तो जुन्या मोडीवाचकाचा थेट वारसदार वाटतो. कागद समोर आहे, पण लागत नाही, ही अडचण या भागाला नवी नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी धुंडाळायची वेळ आली, तेव्हा सरकारलाही मोडी जाणणारे शोधत फिरावं लागलं. याच्याकडे फक्त दप्तराच्या रुमालाऐवजी कीबोर्ड असतो.

पुरावा त्याच्या पहिल्या प्रश्नातच मिळतो. फोनवर तो ख्यालीखुशाली विचारत नाही. “चौकोन दिसतायत, प्रश्नचिन्हं दिसतायत, का येन-युरो?” एवढंच विचारतो. चौकोन असतील तर अक्षरं शाबूत आहेत, नुसता फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं असतील तर वाटेत कुठल्यातरी यंत्राला अक्षर कळलं नाही आणि त्यानं ते टाकून दिलं. तिथे हा हात टेकतो आणि “परत पाठवायला सांगा” म्हणतो. येन-युरो ऐकलं की मात्र त्याचा आवाज खुलतो. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, आणि पश्चिम युरोपचा जुना तक्ता लावला की त्यातला एकेक बाइट सुटं अक्षर होऊन बसतो. ‘बारामती’त ब, काना, र, काना, म, त आणि वेलांटी अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. प्रत्येक कान्याच्या शेवटी पाऊण हा अपूर्णांक उमटतो, आणि दीर्घ वेलांटीच्या जागी आधी जपानचा येन, मग युरो. ‘इंदापूर’चेही बाइट २१च, पण दीर्घ उकारात येन निघतो, युरो काही निघत नाही. इंदापूरकरांनी हे मनाला लावून घेऊ नये.

यावर कुणीही म्हणेल, “मोबाइलवर सगळं नीट दिसतं, मग हा खटाटोप कशाला?” बरोबर आहे, दिसतं. पण युनिकोडच्या आधी डीटीपीवाल्यांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून जे ढीगभर मजकूर टाइप केले, ते मोबाइललाही लागत नाहीत. मोबाइल तिथे गप्प बसतो आणि काय बिघडलं तेही सांगत नाही. काळा पडदा निदान दुखणं उघडं करतो. दुसरा आक्षेप असा की हा सगळा मिरवण्याचा सोस आहे. तो थोडा खरा मानतो मी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात नुसता मजकूरच यायचा. पुण्याला शिकायला गेलेल्यांतले काही त्या नुसत्या मजकुरातच अडकले ते अडकलेच. पण नुसतं मिरवायचं असतं तर माणसानं सोपी भाषा निवडली असती. देवनागरी चौकटीत बसायला मुळातच नाखूष. काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला एक खण, आणि आपली ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर, दाखवताना आधी. प्रोग्रॅम मोजतो एक आणि पडदा दाखवतो दुसरंच, त्यामुळे मेलच्या यादीतले पुढचे सगळे स्तंभ नवख्यानं पाडलेल्या उसाच्या सरीसारखे वाकडे होतात. ते सरळ करायला तो लोकेल बदलतो, फॉन्ट बदलतो, टर्मिनल बदलतो, आणि रात्री दीडला ‘पू’चा उकार ‘प’खाली येऊन बसला की एकटाच हसतो.

अक्षरांशी असा हट्ट बारामतीच्या अंगवळणीच पडलेला आहे. अठराव्या शतकात मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण इथेच राहून रचलं. त्या नियमानं प, फ, ब, भ, म बाद, म्हणजे कवीला स्वतःच्या गावाचं नावही लिहायची सोय नाही. त्यांना कुणी चक्रम म्हटल्याचं ऐकिवात नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला उत्तर नाही. मोडीवाचक कागद लावून झाला की त्यात काय लिहिलंय ते सांगायचा. हा सांगत नाही. कारखान्याच्या सभेची नोटीस त्याच्याकडे येते, येन जातात, युरो जातो, पाऊण जाऊन काने येतात, स्तंभ ओळंब्यात उभे राहतात. सभा कधी आहे म्हणून विचारावं, तर मान वर न करता म्हणतो, “ते नाही बघितलं. पण आता दिसतंय ना?”