कुजकं वांगं आणि ७५ टक्के

पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करायचंय? मग पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण दाखवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेल्या आराखड्यातली ही अट आहे आणि ती चुकीची आहे. तीन वर्षं पाठांतर पक्कं केलं, की चौथ्या वर्षी शंका काढायची मुभा! ज्याला पहिल्या वर्षापासूनच शंका येत होत्या, त्याने काय करायचं?

२०१० साली दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या क्वाझुलू-नाताल विद्यापीठात पदवीला शिकणाऱ्या एका मुलीने कुजलेल्या वांग्यावरून एक फाज वेगळा केला. फाज म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. ज्याला सापडेल त्याने नाव ठेवायचं असा रिवाज. तिने ठेवलं ‘मडी’.

पुढे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात १५ वर्षांची एक मुलगी मरणाच्या दारात होती. सिस्टिक फायब्रोसिस, दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण, त्यात मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेससचा संसर्ग पसरलेला. प्रतिजैविकं हरली होती. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहॅम हॅटफुल यांनी आपल्या संग्रहातले तीन फाज निवडले. दोघांच्या जनुकांत फेरफार करावे लागले. मडी जसाच्या तसा चालला. मुलीच्या जखमा भरू लागल्या, ती घरी गेली. २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने हे छापलं.

हॅटफुल यांच्या त्या प्रचंड संग्रहातले बहुतेक फाज विद्यार्थ्यांनी शोधलेत. त्यांच्या पुढाकाराने २००८ पासून चाललेल्या ‘सी-फाजेस’ उपक्रमात मुलं येतात ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाची. अंगणातली माती आणायची, द्रावणात घोळवायची, गाळायची आणि गाळलेलं पाणी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसबरोबर अगारच्या थाळीवर ओतायचं. हा जिवाणू क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी भाऊबंद. एक-दोन दिवसांत थाळीवर जिवाणूंचा दाट थर येतो. त्यात स्वच्छ गोल ठिपका दिसला, की तिथे फाज आहे. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, पेट्री डिश यांपलीकडे इथवर फारसं काही लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मायक्रोबायोलॉजी विभागात हे असतं. डीएनएचा क्रम वाचणं महाग आहे, तो खर्च विद्यापीठाने उचलावा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण ज्या देशात आहेत, तिथल्या मुलांना या जिवाणूंच्या कुळाशी झटापट करायला कुणाची परवानगी हवी?

त्याऐवजी आपण काय करतो? टायट्रेशन. उत्तर आधीच फळ्यावर. ब्युरेटमध्ये ९.६ आलं तरी जर्नलात १०.० उतरतं, कारण बाकी सगळ्यांचं १०.० आहे. याला आपल्या लॅबमध्ये ‘रीडिंग जुळवणं’ म्हणतात आणि ते सर्वांसमक्ष चालतं. अठराव्या वर्षी मुलाला आपण मोजमापात खोटं लिहायला शिकवतो, वर सही करून जर्नल सर्टिफाय करतो. मला याचा मनापासून संताप येतो.

तेच ब्युरेट, पाण्याचा कठीणपणा मोजायचं तेच ईडीटीए राहू द्या. पाणी मात्र मुलाच्या गावच्या विहिरीचं आणा. पावसाळ्याआधी कठीणपणा किती, नंतर किती, शेजारच्या बोअरचा किती? हे उत्तर प्राध्यापकांनाही ठाऊक नसतं, त्यामुळे जुळवायला काही उरत नाही. रीडिंग विचित्र आलं तर मूल स्वतःहून पुन्हा करतं. राज्यातली ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा चांगली आहे, पण तिथे पोचतात ती निवडक मुलं. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये तर सगळीच असतात.

तेव्हा विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी दुसऱ्या सत्रातले निम्मे ठरीव प्रयोग काढून टाकावेत आणि त्या जागी उत्तर माहीत नसलेला एकच प्रयोग ठेवावा, सत्रभर चालणारा. एक्स्टर्नलने व्हायवात एवढंच विचारावं: काय शोधत होतास, आणि सापडलं नाही तर का नाही? थाळी कोरी निघाली, पण नोंदी खऱ्या असल्या, तर पूर्ण गुण द्यावेत.